आपल्या गल्लीची मोजणी

प्रिय ताई,

सर गेल्याचं तुला वर्तमानपत्रातून कळलं. फोनवर तू म्हणालीस, बरं झालं, आमच्या घरावर रस्ता आखणारा एक तरी कमी झाला. तुझंही काय चुकलं म्हणा. या महिन्याच्या वीस तारखेला गल्लीतली एकतीस घरं पाडणार, त्यात तुझं तिसरं, आणि ज्या अहवालावरून हे ठरलं त्याच्यावर नाव सरांचं. पण खरं काय ते मला फोनवर सांगता येईना, म्हणून हे पत्र.

काल आमच्या संस्थेत शोकसभा झाली. खुर्च्या कमी पडल्या. सरांची शेवटची पत्रं ज्यांनी धड वाचलीही नव्हती, ते नगररचना खात्याचे साहेब पहिल्या रांगेत बसून रुमालानं डोळे पुसत होते. जो उठेल तो एकच सांगत होता, सरांचा आकडा कधी चुकला नाही. मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

शहररचनेचे अभ्यासक म्हणून ते केवढे मोठे होते ते बाकीचे सांगतील. मला आठवतात ते उन्हात कोपऱ्यावर उभे असलेले, हातात लाकडी फळी, तिला दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल. सकाळी सात ते संध्याकाळी सात, पायी जाणाऱ्या प्रत्येक माणसाची एक रेघ. चार उभ्या, पाचवी आडवी. कडेवरच्या मुलाचीही वेगळी रेघ मारायची, कारण आज ना उद्या त्यालाही चालायला रस्ता लागणार. आम्ही पाठीमागे त्यांना मोजणीमास्तर म्हणायचो. त्यांना कळलं तेव्हा त्यांनी हजेरीपटावर तशीच सही ठोकली. नियम मात्र कडक. त्यातला एक असा की, आपण जिथे वाढलो ती गल्ली आपण मोजायची नाही. ओळखीच्या रस्त्यावर माणूस बघत नाही, नुसता आठवतो, असं ते म्हणायचे.

आपल्या गल्लीची पाळी आली तेव्हा मीच हट्ट धरला. सोळा वर्षं त्यांच्या हाताखाली काढलेली, मला कुठले नियम? सर नको नको म्हणत होते, शेवटी माझ्या भिडेखातर हो म्हणाले. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही.

तक्त्यावर आकडा आला दिवसाला तीनशे चाळीस माणसं. तेवढ्यावर गल्ली कमी वापराची ठरली आणि नव्या रस्त्याची रेषा तिच्यावरून गेली. वर्षभरानं सर काठी टेकत सहज तिकडून चालले होते. कापड रंगवायच्या कारखान्याची पाळी सुटलेली, शाळेचं मागचं फाटक उघडलेलं, पाय ठेवायला जागा नाही. दुसऱ्या दिवशी ते स्टूल घेऊन आले आणि आजारी अंगानं बारा तास बसले. दोन हजार एकशे बारा. दुपारी तू त्यांना पाणी दिलंस, कोण ते माहीत नसताना. सरांनी मला एवढंच सांगितलं, बाकी अवाक्षर काढलं नाही. खात्याला तीन पत्रं लिहिली, मोजणी माझी, चूक माझी, म्हणून. तोवर मंजुरी होऊन गेली होती. बैल गेला नि झोपा केला.

ताई, माझ्या मोजणीच्या दिवशी मी गल्लीत उभीच राहिले नाही. तो दिवस तुला चांगला आठवतो. धाकटी न सांगता आली आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसली, असं तू अजून शेजारणींना कौतुकानं सांगतेस. तुझ्या स्वयंपाकघरात गप्पा मारता मारता मी तो तक्ता भरला, आपण लहान असताना गल्लीत जेवढी माणसं दिसायची त्या अंदाजानं. उठून दाराबाहेर डोकावलेसुद्धा नाही. सरांनी ते ओळखलं होतं आणि मरेपर्यंत कुणाला कळू दिलं नाही. आता सांगणारी मीच उरले. शिव्या द्यायच्या तर मला दे. घर वाचायचं नाही, मी सगळे दरवाजे ठोठावून आले. वीस तारखेच्या आत सामान बांधायला मी येऊ, की तुला माझं तोंडही बघायचं नाही, तेवढं कळव.

तुझीच,
धाकटी