धरमतरच्या खाचरातली मोरस

आई, तुझ्या धरमतरच्या खाचरात मी यंदा भाताऐवजी मोरस लावली आहे, तुझी ती खाडीकाठची खारट पालेभाजी. रागावू नकोस, आधी ऐक. मागच्या पावसाळ्यात खारबांध फुटला, खाडी आत आली आणि जाताना मीठ ठेवून गेली. उन्हाळ्यात तुझी जमीन पांढरी पडली. भात सोड, लव्हाळाही उगवेना. शेजाऱ्यांनी जमिनी घेणाऱ्या कंपनीला मुरूम टाकून भराव करायला होकार दिला. खाचरात अर्धा वाटा असलेला चुलतभाऊ म्हणाला, "दादा, दिवालीपरत हिरवा काय दिसला नाय तर मी पन सही करनार. तू रोह्यान बसून श्लोक म्हन." त्याने सही केली की उरलेल्या माझ्या अर्ध्या तुकड्याला कोण विचारतो? म्हणून मोरस. तिने जमीन झाकली की उन्हाने मीठ वर येणं कमी होतं, कापून नेली की थोडं मीठ तिच्याबरोबर जातं. चार पावसांनी धुऊन काढल्यावर पुन्हा भाताचं नाव काढता येईल, असं मला वाटतं. जन्मभर मुलांकडून विभक्त्या पाठ करून घेतलेल्या माणसाच्या वाटण्यावर ही शेती चालली आहे. काय काळजी करायची ती तूही कर.

तुझं स्वयंपाकघर आठवतं. मी पेणच्या पाठशाळेतून सुट्टीला आलोय. तू मोरस उकडून, पिळून, जवळा घालून परतते आहेस. मी मदत म्हणून मिठाच्या बरणीत हात घालतो आणि तू मनगट धरतेस. "अरे पंडिता, आख्खी खाडी हाय तिच्या पोटान. अजून कवरी खारट करतस?" मग मी ऐटीत सांगतो की मी आता जवळा खात नाही. तू माझ्या ताटातला एकेक जवळा वेचून काढलास. वास तेवढा वेचता आला नाही. तो मी भाजीबरोबर खाल्ला.

एवढं शिकूनही रोह्यात गच्चीवर मी पहिली रोपं नळाच्या पाण्यावर वाढवली, तीही लाडाने. खाचरात नेल्यावर निम्म्यांनी माना टाकल्या. शेजारची काकी बांधावरूनच हसली, "मोरसला पन शिकवनी लावलीस का रं मास्तर?" मग खाडीकाठच्याच फांद्या तोडून लावल्या. त्यांनी मूळ धरलं. परवापर्यंत खाचर हिरवं दिसत होतं, निदान लांबून आणि चष्म्याशिवाय.

आज सर्वपित्री. अमावास्येचं उधाण. सकाळी चुलतभावाचा फोन आला, "उघाडीची फली गेली, दादा. पानी आत घुसलंय." भरतीचं पाणी अडवणारं ते दार मीच दुरुस्त करून घेतलं होतं. मोरस खारं पाणी सोसते, पण पाणी डोक्यावरून साचून राहिलं तर कुजते. पाणी वाहून गेलं की साचलं, ते ओहोटीनंतर कळणार. तेव्हा फोटो पाठवतो म्हणाला. तुझं पान केव्हाच वाढून झालंय. बायको दोनदा विचारून गेली, "एवढं काय लिहिताय?" मी म्हटलं, परीक्षेचा पेपर काढतोय.

फोन मघाशी वाजला. फोटो आलाय. हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा खरं सांगायला हरकत नाही: सांगण्यासारखं बरंचसं कधीच संपलंय, तरी मी लिहितोय. पेन खाली ठेवलं की तो फोटो उघडावा लागेल.