रिझिकीचा खेकडा

२ जुलै
रिझिकी गेली. बोटीवर चढतानाही तेच — "आई, माझा खेकडा सांभाळ. मेला तर बघ!" छातीत धाप, तरी धमकी मलाच. तिचा बाप हमद तिला घेऊन उंगुजाला, मोठ्या बेटावरच्या इस्पितळात. माझे बाळंतपणाचे दिवस भरत आलेत म्हणून मी इथे, बादलीतल्या, शंखात राहणाऱ्या खेकड्याजवळ.

५ जुलै
खोबरं घातलं, खाल्लं. शेजारची बी मवाका गळाला लावायला खेकडे वेचते. म्हणाली, "हा मला दे गं, हाताएवढा मासा येईल." बादलीवर टोपली झाकली.

९ जुलै
खेकडा बादलीतल्या वाळूत शिरला.

१४ जुलै
अजून वर नाही. आम्ही शंख वेचणाऱ्या बायका. जिवंत शंख वाळूत पुरतो, आतलं कुजलं की स्वच्छ करून विकतो. शेकड्यांनी पुरलेत मी. वाळूतून जिवंत परत आलेला एकही पाहिला नाही. खेकडा गेला तर पोर जाईल — असं कुठे लिहिलंय? कुठेच नाही. तरी भीती जात नाही.

१७ जुलै
न राहवून उकरलं. पाय, नांग्या, सगळं पोकळ. मेला!
हमदचा फोन आला. त्याने खेकड्याचं विचारलं. म्हटलं, झोपलाय. रिझिकीला दे जरा. म्हणाला, "तीही झोपलीय."

१८ जुलै
बी मवाकाला ते पाय दाखवले. तिने कपाळावर हात मारला. "अगं वेडे, ही कात! जीव खाली आहे, लोण्यासारखा मऊ. वाळू लोट, पुन्हा हात लावू नकोस. वर येईल तेव्हा वाढलेला असेल, मोठा शंख लागेल त्याला."
शंख कुठून आणू? पोतं परवाच दलालाने नेलं. किनाऱ्यावर एक रिकामा शंख मी शिल्लक ठेवलेला नाही. आजही दोन तास फिरले. खेकडे बाटल्यांची बुचं पाठीवर घेऊन चाललेत. ही माझीच करणी.

२३ जुलै
आजही "झोपलीय." इतकं झोपतं का कुणी?

२७ जुलै
सकाळी खेकडा वर आला! वाढलाय. अर्धा बाहेरच, जुन्या शंखात मावत नाही. मी कितीतरी दिवसांनी हसले.
दुपारच्या बोटीने हमद आला. एकटाच. "सोळालाच दफन केलं तिकडे. तुझी ही अवस्था, फोनवर कसं सांगणार होतो?"
पिशवीतून त्याने एक मोठा शंख काढला. तिनेच तिकडच्या किनाऱ्यावरून आणायला लावला होता. म्हणाली होती, आईकडे एकही उरला नसेल.