डावीकडून दिलेलं हेल्मेट

४ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

गोलरक्षकाच्या घरच्यांनो! हसू नकोस. घरचे म्हणजे तू, मी आणि वहिनी, एवढीच ही सभा. आपलं गाऱ्हाणंही एकच: आपल्या माणसाचं काय ठरलं ते आपल्याला वर्तमानपत्रात वाचावं लागतं. त्यातही या सभेतला एक सभासद फितूर निघाला. बातमीतल्या फोटोत दादाच्या मागे हॉकी संघाचा व्यवस्थापक म्हणून दात काढून उभा आहेस तो तूच ना?

चालू करार संपायला अख्खा हंगाम बाकी, दादाला अडतिसावं लागलेलं, आणि तुम्ही आणखी तीन वर्षं वाढवून देता! घाई कसली होती? उद्या त्याचे हातपाय थकले तर त्याला बाहेर बसवायची छाती कुणाची? तुझी? त्यानं नुसता आवाज चढवला की तू पांघरुणात शिरायचास. उपकार म्हणून दिलेली जागा देणाऱ्याला परत मागवत नाही आणि घेणाऱ्याला सोडवत नाही. चषक जिंकून दिला म्हणून आभार मानायचे असतील तर सत्कार करा, भिंतीवर फोटो लावा. पण म्हणून आणखी तीन वर्षं त्याच्यावर चेंडू कसले मारून घेता?

सामन्याआधी अजून त्याला हेल्मेट तूच देतोस का रे? शाळेच्या संघापासूनचं तुमचं ते नाटक. तो वाकून बूट बांधणार, तू डावीकडून मांजराच्या पावलानं येऊन हेल्मेट पुढे करणार, आणि तो मान न वळवता ते अचूक घेणार. त्याला कानामागेही डोळे आहेत, असं आई म्हणायची.

रागावले आहे, पण लोभात काटछाट केलेली नाही.
तुझी ताई

११ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचताना दोनदा टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या आणि एकदा दार लावून घ्यावंसं वाटलं. माझी बाजूही ऐक. दुसरा एक क्लब दादाभोवती घिरट्या घालत होता. अध्यक्ष घाबरले. त्यातून खुद्द दादालाच घाई झाली होती. करार संपून नवा झाला की डोळ्यांपासून गुडघ्यांपर्यंत सगळी तपासणी करावी लागते. चालूच करार वाढवला तर ती लागत नाही. तेवढी कटकट टाळ, असं त्यानंच मला सांगितलं. मलाही पटलं. जुन्या गाडीसारखं आपलं बॉनेट कुणी उघडून बघावं, असं या वयात कुणाला वाटेल?

हेल्मेट मीच देतो. हल्ली मात्र समोर येऊन दे म्हणतो, डावा खांदा धरला आहे म्हणे. प्रशिक्षकांनी डाव्या खांबापाशी एक बचावपटू कायमचा उभा केला आहे. नवा डावपेच, असं सगळ्यांना सांगतात. मागच्या सामन्यात दोन गोल बसले, दोन्ही तिकडूनच. खेळ म्हटला की चालायचंच.

तुझं भाषण लांबलं तरी चालेल, माया आखडू नकोस.
तुझा धाकटा

२० नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आज थट्टा नाही. दादा आणि वहिनी जेवायला आले होते. दादानं भिंतीकडेची खुर्ची धरली, डावं अंग भिंतीला लावून. वहिनीनं त्याचा पाण्याचा पेला उजवीकडे सरकवला. बोलता बोलता, सवयीनं, जशी रोजच सरकवत असावी.

निघताना मी त्याच्या डावीकडे त्याची छत्री धरून उभी होते. तो इकडेतिकडे बघत होता, छत्री कुठे ठेवली म्हणून विचारत होता. छत्री त्याच्या गालापाशी होती, धाकट्या.

मी जिन्यातच त्याची बाही धरली. मागच्या हंगामाच्या शेवटी चेंडू लागला, तेव्हापासून तिकडे जरा सावली येते, जाईल आपोआप, असं म्हणाला. वहिनी म्हणाली, सावली नाही, पडदा आहे, आणि तो दर महिन्याला पुढे सरकतो आहे. डॉक्टरांनी बघितलं तर खेळायला नालायक असं लिहितील, म्हणून हा कुणाला डोळा दाखवत नाही. तुला सांगणार नाही अशी शपथ घ्यायला लावत होता. मी घेतली नाही.

तुमच्या करारानं त्याला दिलेली सगळ्यात मोठी भेट हीच, की आता त्याला कुणी तपासणार नाही. प्रशिक्षकांशी बोल. आजच.

काळजीत पण तुझीच,
ताई

२७ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बोललो. प्रशिक्षकांनी आधी मला दार लावायला सांगितलं, मग म्हणाले की त्यांना ठाऊक आहे. अध्यक्ष म्हणाले, तक्रार कुठे आहे? तपासणीत तो बाद ठरला तर तीन वर्षांचा करार गळ्यात, आणि उभं करायला दुसरा गोलरक्षक नाही. दादाचा करार वाढला त्याच आठवड्यात दुसऱ्याला आपण सोडून दिलं. रविवारी अंतिम सामना आहे, तोवर हा विषय काढू नकोस, अशी मला विनंती झाली. विनंतीच म्हणायची.

दादाकडे गेलो. हेल्मेट देणारा डॉक्टर कधी झाला, असं विचारून तो हसला आणि पॅड बांधायला लागला.

काल सरावाला प्रतिस्पर्धी संघाचा पेनल्टी कॉर्नर मारणारा वरच्या बाकांवर येऊन बसला होता. चेंडूकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो सगळा वेळ दादाची मान बघत होता, ती कधी वळते ते. जाताना त्यानं शेजारच्याला बोटानं डावा खांब दाखवला. त्याचा चेंडू गळ्याच्या उंचीवर येतो, ताई.

दादा माझं ऐकणार नाही. मी काय करू?

तुझ्याच आधारावरचा,
धाकटा

२९ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

त्याला समजावू नकोस. अध्यक्षांच्या दारातही जाऊ नकोस. समोरच्या संघालासुद्धा कळलं आहे, म्हणजे न कळल्याचं सोंग आता फक्त आपल्या बाजूला उरलं. ते तूच मोड, सगळ्यांसमोर.

रविवारी तो बाकावर वाकून बूट बांधेल. पूर्वीसारखा डावीकडून जा. आवाज करू नकोस. हेल्मेट त्याच्या गालापाशी धर आणि थांब. प्रशिक्षकांना बघू दे, अध्यक्षांना बघू दे, आजवर त्याच्या जिवावर निर्धास्त खेळलेल्या सगळ्या संघाला बघू दे. त्याचा हात आला, तर मी खोटी ठरले. त्या दिवशी माझ्यासारखी सुखी मीच.

नाही आला, तर हेल्मेट घेऊन बाहेर चालू लाग. हेल्मेटवाचून त्याला मैदानात पाऊल टाकता येणार नाही. तो तुझ्यामागे शिव्या देत येईल. येऊ दे. मी दाराशी गाडी घेऊन उभी असेन, वहिनी आत बसलेली असेल, डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगून ठेवलं आहे. वर्षभर तो आपल्याशी बोलणार नाही. न बोलू दे. त्याचा लोभ गेला तरी मी सोसेन.

धाकट्या, रविवारी त्याला हेल्मेट देऊ नकोस.

ताई