शेवंती मावशी कशाला हसली

८ नोव्हें., शनि.

आज माझ्यावर जो अन्याय झाला त्याची नोंद पुढल्या पिढ्यांसाठी करून ठेवणं माझं कर्तव्य आहे. आमच्या फिल्म क्लबात जुना जपानी सिनेमा लावला होता. काळा-पांढरा, आडवा, रुंद. डिचोलीच्या वाचनालयातल्या आमच्या पडद्यावर तो वरखाली काळे पट्टे घेऊनच येणार. पण पट्टे दिसले की दत्तारामाला कोणी वजनात फसवल्यासारखं वाटतं. औषधांचं दुकान त्याचं, प्रोजेक्टरही त्याच्याच ताब्यात. उठला, बटण दाबून चित्र फुगवलं, पडदा काठोकाठ भरला. दोन्ही कडा गेल्या. उजव्या कडेला दारात सून उभी होती. सून गेली. सासरा पाऊण तास भिंतीशी बोलला.

मी ओरडले. दत्ताराम म्हणतो, "पडदा एवढा मोठा हाडलाय टीचर, मग पिक्चर बारीक कित्याक बघायचां?"

दिग्दर्शकाने सुनेला कडेलाच का उभी केली असेल, यावर बारा मिनिटं बोलले. सात जण होते. पाच चहाला गेले.

१० नोव्हें., सोम.

शाळेतून येताना शेवंती मावशीने सोप्यावरूनच अडवलं. "गो सुलू, तुझी ती फिल्मवाली मे महिन्यात माझी आदोळी घेऊन गेली. हाडतली कधी? का आता नारळ सिनेमातच खवू?"

"शनिवारी येतेय ती. विचारते."

तिची ती खवणीची विळी नेताना शब्द मी दिला होता. इरा मुंबईची, आमच्या गावच्या पाण्यावर सिनेमा करायला आलेली. 'दोन दिवस द्या, छान टेक्स्चर आहे' म्हणाली. मावशी नको म्हणत होती, मी म्हटलं, मी आहे ना. टेक्स्चर म्हणजे काय तेही मावशीला मीच समजावलं. केवढ्या उत्साहाने!

मावशीच्या डोक्यात सध्या २८ तारीख. डिचोलीला खाणीची सुनावणी. गावातून पाच जण बोलणार, पहिलं नाव तिचं. खाणीचा खड्डा खाली गेला तशी पहिली आटली ती तिच्या परसातली बांय, विहीर. तेव्हापासून कंपनीच्या टँकरचं पाणी तिने घरात घेतलं नाही. कळशी घेऊन झरीवर जाते. गुडघे दुखतात, शिव्या देते, जाते. कंपनी दर वर्षी छत्र्या वाटते. दारात आणून ठेवलेली तिने कुंपणावरून परत फेकली होती. अर्धी उघडून पडली रस्त्यात, कावळ्यासारखी.

१५ नोव्हें., शनि.

देवळाच्या मंडपात इराचा सिनेमा. बोलावणी माझी, खुर्च्या माझ्या, आधीचं भाषणही माझं. दहा वर्षं सांगतेय तेच: ती जुनी रशियन क्लृप्ती. नटाचा चेहरा एकच, मख्ख. पुढे भाताची वाटी जोडली तर लोकांना त्यात भूक दिसते. तिरडी जोडली तर दुःख. 'चेहऱ्यात काही नसतं हो, जोडणीत असतं!' टाळ्याही घेतल्या.

मग सिनेमा. सगळं आकाशातून. खाणीतून उपसलेल्या मातीचा आमचा डंप आकाशातून चॉकलेटच्या केकासारखा. खड्ड्यातलं पाणी असं निळं-हिरवं रंगवलंय की मागून कोणीतरी 'वा' म्हणालं. त्या पाण्यात म्हैस पडली तर तिची कातडी आठवडाभर लाल राहते, हे आकाशातून दिसत नाही.

मग मावशी. जवळून. उघड्या जनेलातून येणारा उजेड गालावर, हनुवटीवरचे पांढरे केससुद्धा मोजता यावेत. एवढं सुंदर कोणी तिला पाहिलंच नसेल. मला अभिमान वाटला, लिहून ठेवते.

पुढचं चित्र: कंपनीचा माणूस छत्र्या वाटतोय.

त्याच्या पुढचं: मावशी हसते. तोंडभर, दात नसलेलं, डोळे मिटून.

मंडपात कोणी हसलं नाही. मावशी तिसऱ्या रांगेत होती. उठली, चपला शोधल्या, गेली. इराला काही कळलंच नाही. मला विचारते, "पेस कसा वाटला?"

१६ नोव्हें., रवि.

सकाळी पाववाल्या पोदेराच्या सायकलीभोवती बायका. समोरची कुसूम: "मावशे, छत्री निळी मेळ्ळी काय काळी?"

मावशी: "तुझ्या घरात तीन आसात. उघडून बघ, रंग कळतलो."

कुसूम आपले पाव मोजायला लागली. पण मावशी पाव न घेताच घरात गेली.

दुपारपर्यंत निर्णय तयार. भाऊजी (माझे मोठे दीर, देवळाचे अध्यक्ष तेच, पाणी समितीचेही तेच) जेवताना म्हणाले, "कंपनीचा वकील तोच तुकडा लावील. ती म्हातारी उभी राहिली की सगळ्यांच्याच बोलण्यावर पाणी. नाव काढावं लागेल. पुढल्या रविवारी बैठकीत ठरवू."

मी म्हटलं, "ती छत्र्यांना हसली नाही."

"सुलू, सगळ्या गावाने डोळ्यांनी बघितलंय."

डोळ्यांनी! संताप संताप झाला. डोळ्यांनी बघितलं म्हणजे काय, हेच तर मी दहा वर्षं... असो.

ती कशाला हसली ते मला माहीत आहे. मी तिथे होते. मे महिना, मावशीचं घर, दिव्यांची उष्णता. इराला चेहरा 'मोकळा' हवा होता. मला म्हणाली, "ताई, कॅमेऱ्यामागून काहीतरी बोला ना, हसतील असं." उजवीकडे जनेलापाशी भाऊजी उभे होते, भाषणाचा कागद घेऊन, पुढचा नंबर त्यांचा. कॅमेरा येणार म्हणून सकाळीच केस काळे करून आलेले. उकाड्याने घाम, घामाने रंग. कानामागून काळा ओघळ निघाला तो कॉलरीकडे. आणि मी मावशीला म्हटलं...

पावसात डंप वाहून शेतात येतो तो आम्ही दोघी आयुष्यभर बघतोय. मी म्हटलं ते एवढंच.

आता हे सांगायचं कोणाला? भाऊजींचे केस काळे आहेत ही गोष्ट आमच्या घरात तुळशीवृंदावनाइतकी पक्की. मागच्या जनेलावर एक वाटी आणि जुना ब्रश सुकत असतो. तो कोणाचा, हे वीस वर्षांत कोणी विचारलेलं नाही.

१८ नोव्हें., मंगळ.

अर्धी रजा. स्कूटरने पेडणे. इरा समुद्राकडच्या बाजूला भाड्याच्या घरात राहते. रस्ता सगळा खणलेला. रस्त्यालाही शिव्या दिल्या, सराव म्हणून.

बोलायला सुरुवात केली आणि समोर भिंतीवर बघते तर मावशीची आदोळी! खिळ्याला टांगलेली. वर छोटा दिवा. पात्याला व्हार्निश!!

इरा शांत. "ताई, भावनेच्या पातळीवर ते खरंच आहे. गाव द्विधा आहे, ते एका चेहऱ्यात आलं."

"चेहरा तिचा, द्विधा तुझी. ती छत्री फेकून देणारी बाई आहे."

"पण तुम्हीच त्या दिवशी म्हणालात, चेहऱ्यात काही नसतं, जोडणीत असतं."

माझंच वाक्य व्हार्निश मारून परत आलं. माझ्याकडे. लिहिताना अजून कान गरम होतायत.

मग सहज म्हणते, "मूळ तुकडा आहे की, आवाजासकट. तुमचा विनोद ऐकू येत होता म्हणून आवाज काढला. पाठवू?"

तुकडा फोनवर घेतला. आदोळी भिंतीवरून काढली. "अहो ताई, ती..." म्हणाली. मी म्हटलं, दोन दिवस झाले. स्कूटरवर पायापाशी ठेवून आणली, पातं टॉवेलात गुंडाळून. असल्या अवस्थेत मावशीला देणार कशी? व्हार्निशवर नारळ खवला तर पॉलिश मारलेलं खोबरं.

२० नोव्हें., गुरु.

तुकडा तीसेक वेळा बघितला. चौदा सेकंद. मावशी मधोमध, उजव्या कडेला भाऊजी, पूर्ण (सिनेमात इराने त्यांना कापून नुसता मावशीचा चेहरा जवळ घेतला होता). ओघळ स्पष्ट. माझा आवाज: "मावशे, थंय पळय. पाऊस नासताना डंप व्हांवता." पाऊस नाही आणि डंप वाहतोय, एवढाच विनोद. मावशी वळून बघते, "आवय गे!" आणि ते हसू.

नवऱ्याला, मो.ला, दाखवलं. आधी खो खो हसला. मग आपल्याच भावाला हसलो हे लक्षात आलं. "दादाक दाखवू नको गो," एवढंच बोलून गुरं बघायला गेला. आमच्याकडे गुरं नाहीत.

त्या रशियन नटाचं डोक्यातून जात नाही. विशीत पणजीला पहिल्यांदा तो प्रयोग ऐकला तेव्हा आठवडाभर मी भारल्यासारखी. भाताची वाटी, तिरडी! केवढा शोध! पण त्या माणसाला कोणी विचारलं का, की बाबा, तू खरोखर कशाकडे बघत होतास? असेल कोणीतरी ओळखीचं कॅमेऱ्यामागे उभं. ते पुढे आलं नाही. सिनेमाचा इतिहास म्हणजे असल्या न आलेल्या माणसांचा इतिहास आहे, आणि मी त्यांच्यावर व्याख्यानं देते.

पेपरातल्या माझ्या आठवड्याच्या सदरात यावर झकास लिहिता येईल. कोणाचं नाव न घेता. नाव न घेता मी फार शूर आहे.

मावशी दोन दिवस झरीवर दिसली नाही. कुसूम सांगते, पहाटेच जाऊन येते. कोणी भेटू नये म्हणून.

२३ नोव्हें., रवि.

बैठक. मंडप भरलेला. भाऊजी मेजामागे, केस काळेभोर. मावशी खांबाला टेकून. माझ्याकडे बघितलं नाही.

यादीचा विषय निघाला तशी उठले. मूळ तुकडा आहे, लावते, म्हटलं. दत्तारामाने फोन जोडला. वरखाली काळे पट्टे आले. आणि दत्तारामाने, नेहमीप्रमाणे, चित्र फुगवलं.

उजवी कडा गेली. भाऊजी गेले. पडदाभर फक्त मावशी, माझा आवाज आणि हसू.

कुजबुज. "खंयचो डंप? मे महिन्यात?" कोणीतरी मागून, "ही नवी जोडणी आसतली. टीचरची दोस्तीण ती फिल्मवाली."

वाक्य माझ्या जिभेवर होतं. आणि खरं लिहायचं तर, क्षणभर मला दत्ताराम देवासारखा वाटला. पंधरा दिवसांपूर्वी एका जपानी सुनेसाठी वाचनालय डोक्यावर घेतलं होतं मी. इथे कापलेली कडा आयती मिळाली होती. बसून घ्यायचं, बस्स.

मावशी माझ्याकडे बघत होती. आता बघत होती.

म्हटलं, "उजवी कडा कापली गेलीय."

दत्ताराम: "बरां दिसता न्हय टीचर? भरून?"

कोणाला काही कळेना. मी परत तोंड उघडलं, तेवढ्यात भाऊजी. खालच्या आवाजात, पडद्याकडेच बघत: "दत्ताराम, पट्टे येऊ दी. पुराय दाखय."

पट्टे आले. भाऊजी आले. पांढरा शर्ट, हातात कागद, कानामागून कॉलरीपर्यंत काळी रेघ. माझा आवाज. मावशी वळते, बघते. "आवय गे!"

पहिली कुसूम फुटली. मग मंडप. डोळे पुसत होती माणसं. मावशी सोडून. ती मुळीच हसली नाही.

भाऊजींनी खिशातून रुमाल काढला आणि नोव्हेंबरात, पंख्याखाली, कानामागे पुसलं. रुमाल बघितला. घडी घातली. "यादीचं मी मागीर बघतो. पुढचा विषय." पुढचा विषय जत्रेच्या खुर्च्या.

बाहेर मावशीला गाठलं. "आठ दिवस तोंडात मूग धरून बसलीस," म्हणाली. "माका हसवताना एक क्षण लागलो नाय तुका." आणि गेली. बरोबरच आहे. बरोबर आहे म्हणून जास्त राग आला, कोणावर ते कळत नाही.

२४ नोव्हें., सोम.

भाऊजी टोपी घालून जेवायला बसले.  मी आमटी वाढली. "कुलेर दे," म्हणाले. एवढंच संभाषण. पण वाटी तोंडाला लावणाऱ्या भाऊजींनी आमटीसाठी आजवर कधी चमचा मागितला नव्हता.

इराचा निरोप: 'कट बदलण्याचं बघते.' बघते! ह्यांचं बघणं म्हणजे...

मागच्या जनेलावर वाटी आहे. ब्रश नाही. काय समजायचं?

२६ नोव्हें., बुध.

यादी अजून लागलेली नाही. परवा सुनावणी. मो. म्हणतो, दादाच्या खिशात कागद आहे, चार नावं की पाच ते दाखवत नाही.

लोहाराकडून आदोळी आणली. व्हार्निश खरवडून काढलंय, धार लावलीय, फळीला तेल दिलंय. खिळ्याचं भोक तेवढं राहिलं. ते बुजवता येत नाही म्हणाला, फळी फुटेल.

संध्याकाळी नेली. दार उघडं, मावशी आत चुलीपाशी. हाक मारली नाही. सोप्यावर ठेवली, पातं भिंतीकडे करून, ती ठेवते तशी. वळले. फाटकापाशी पोचले तेवढ्यात मागून पावलं, मग फळी सोप्यावर आपटल्याचा आवाज.

"गो! हिका भोक कोणी पाडलां?"

मी फाटकाची कडी हातात धरून उभी राहिले.