पुढे गेलोय म्हणून सांगा

सोमवार, ३

शेवाळ नखाने निघेना तेव्हा चालकाने गाडीतला स्क्रूड्रायव्हर आणून दिला. त्याच्या टोकाने हळूहळू खरवडत गेलो आणि दगडावरची खूण उघडी पडली. एक बाण, त्याच्या दांडीवर दोन आडव्या रेघा. टोक महामार्गाच्या पुढच्या दिशेला. चालक म्हणाला, दगड खरवडायला पगारी माणूस नेमतात हे आधी कळतं तर मी गाडी कशाला शिकलो असतो. दोघंही हसलो.

कामाचा पहिला दिवस. या रस्त्यावर सहा माहितीफलक लागायचे आहेत. जागा पाहायची, लोकांना विचारायचं, ऐंशी शब्दांत इतिहास लिहून द्यायचा. मी शिकवायचो ती शाळा बंद पडल्यापासून दोन वर्षं घरी होतो. वही हातात आल्यावर बरं वाटलं.

दगड एका पडक्या विश्रामगृहाच्या पायरीशी आहे. तिथल्या राखणदाराच्या मते तीनशे वर्षांचा. एक म्हातारा मुलाची वाट पाहून थकला, खूण करून निघून गेला. जाताना लोकांना सांगून गेला, मुलगा आला तर म्हणावं, मी जरा पुढे गेलोय. पुढे मुलगा आला का, असं विचारलं. राखणदार म्हणाला, अजून यायचाय. मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाला, तुम्हीच तर नव्हे? चालकाला हा विनोद फार आवडला.

ताईला फोन केला. रस्ता तिच्या गावापाशी संपतो, शनिवारी पोहोचू. सहा वर्षांनी येतोयस, म्हणाली, आता मध्येच कुठे मुक्काम ठोकू नकोस.

पहिला फलक लिहिला. बहात्तर शब्द झाले.

मंगळवार, ४

दगडी कमानींचा पूल, वय दीडशे. कठड्याची डागडुजी चालू होती. काम करणारा गवंडी म्हणाला, चार पिढ्या आम्हीच या पुलाची मलमपट्टी करतो, पूल आमचा पेशंट. त्याने मधल्या कमानीच्या खाली नेलं. चुना ओला असताना बोटाने काढलेली खूण होती. बाण, दोन रेघा.

ती कुणाची, हे त्याच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पूल अर्धा झाला असताना एक म्हातारा आला. पणजोबा म्हणाले, पुरा होईस्तोवर थांबा. तो थांबेना. मुलगा मागून येतोय, त्याला सांगा मी जरा पुढे गेलोय.

अशा गोष्टी रस्त्याने प्रवास करतात. वहीत ‘लोककथा’ असं लिहून खाली रेघ मारली. चालकाने गाडीत हिशेब मांडला. तीनशे वर्षांपूर्वी तिथून निघालेला म्हातारा दीडशे वर्षांपूर्वी इथे पोहोचला. म्हणजे, सर, आपल्या गाडीपेक्षा जरा हळू.

त्या दोन रेघा कुठेतरी पाहिल्या आहेत. आठवत नाही.

आठवतं. आज लिहीत नाही.

बुधवार, ५

जुनं पोस्ट ऑफिस. वर थांबलेलं घड्याळ. मागच्या खोल्यांत निवृत्त पोस्टमास्तरीणबाई राहतात, वय सत्तरच्या पुढे. भिंतीवरची खूण निळ्या रंगाची आहे. ती काढली तेव्हा बाई आठ वर्षांच्या होत्या.

म्हातारा पायरीवर बसला होता. बाईंचा फ्रॉक लांब होता, त्यात पाय अडकून त्या पडल्या. त्याने त्यांना जवळ बोलावलं, फ्रॉकवर खूण केली, सुईदोरा मागितला आणि तिथेच तो आखूड करून दिला. बाईंनी तो फ्रॉक अजून ठेवलाय. पेटीतून काढून माझ्या मांडीवर ठेवला. मी खालची दुमड उलटून पाहिली. दर सातव्या टाक्याला दुहेरी गाठ.

माझ्या शाळेच्या सगळ्या पँटी अशाच होत्या. बाण म्हणजे खालून दुमडायचं. दोन रेघा म्हणजे दोन बोटं. ही शिंप्यांची खूण नाही. ही बाबांची. त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःपुरती बनवलेली.

बाई म्हणाल्या, चेहरा का उतरला? मी म्हणालो, ऊन लागलं. आम्ही सावलीत बसलो होतो.

फलकात ‘शिंपी’ लिहिलं नाही. ‘एक वाटसरू’ लिहिलं.

गुरुवार, ६

बंद गिरणीचं धुराडं. पायथ्याशी कोळशाने काढलेली खूण. पहारेकरी म्हणाला, माझी नोकरी लागली त्या वर्षीची गोष्ट, म्हणजे सहा वर्षं झाली. तपकिरी स्वेटर, वरचं बटण तुटलेलं. निरोप तोच.

जन्मभर लोकांची बटणं लावली त्यांनी. त्यांचं ते एक लावून द्यायचं मी महिनाभर पुढे ढकलत होतो.

लिहून टाकतो.

सहा वर्षांपूर्वी बाबांना ताईकडे सोडायला निघालो होतो. त्यांना काही लक्षात राहत नसे. गाडीत चार वेळा माझं नाव विचारलं. वाटेत ताईचा फोन आला, घरात आजारपण आहे, आठ दिवस कळ काढ. मी परत फिरायला हवं होतं. या रस्त्याच्या तोंडाशी तेव्हा पेट्रोल पंप होता. तिथल्या सिमेंटच्या बाकावर त्यांना बसवलं. म्हणालो, इथेच बसा, उठू नका, मी आत्ता येतो. ते म्हणाले, सावकाश ये.

गाडी काढली. आरशात त्यांनी हात वर केलेला दिसला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत गेलो. बाक रिकामा होता. पोलिसांना सांगितलं, ताईलाही सांगितलं, ते बाथरूमला गेले आणि दिसेनासे झाले. ताई स्वतःलाच दोष देत राहिली, मी आठ दिवस थांब म्हटलं म्हणून. मी तिला देऊ दिला.

आठवड्याने पंपामागच्या नाल्यात एक माणूस सापडला. ओळख पटवायला मी गेलो. चेहऱ्याकडे पाहिलं नाही. अंगठा पाहिला. कात्रीचा घट्टा होता, किंवा असावा. सही केली. ताईला म्हणालो, तू येऊ नकोस, तुला बघवणार नाही.

या रस्त्याचं काम घेण्याआधी मी चौकशी केली होती. पंप पाडलाय, म्हणाले. तेवढ्यावर हो म्हणालो.

शुक्रवार, ७

बोगदा. आतल्या भिंतीवर खडूची खूण.

बाहेरच्या चहावालीला विचारलं. परवाच, म्हणाली. चहा दिला तर घेईना, मुलगा आला की दोघं मिळून घेऊ म्हणे. मग ती पेटली. असला कसला मुलगा, बापाला असं रस्त्यावर सोडून देतो, जनाची नाही तर मनाची तरी असावी. कपबशी विसळत ती माझ्याकडेच पाहत होती.

मीही मान हलवली. म्हणालो, खरंच, असला कसला.

चालकाने आज हिशेब मांडला नाही. गाडीत बसल्यावर एवढंच विचारलं, सर, तुमचे वडील काय करायचे?

शिक्षक होते, म्हणालो.

फलक लिहिला नाही. ताईचा फोन आला. घेतला नाही.

शनिवार, ८

शेवटची जागा. जुना मैलाचा दगड. पुढे ताईचं गाव, सात मैल.

खूण आहे. बोट फिरवलं. बोटाला खडू लागला.

विचारायला कुणी नव्हतं. विचारायचं काही नव्हतं.

दुपारी दोन — निघालो. दोन मैल गेलो असू. चालकाने वेग कमी केला. म्हणाला, पुढे एक आजोबा चाललेत. मी पाहिलं. पाठ. तपकिरी —

घ्यायचं का बसवून, म्हणाला.

थांबू नका, म्हणालो.

सर, मागे जागा आहे की.

थांबू नका.

बाजूने गेलो तेव्हा मी मांडीवरच्या वहीकडे पाहत होतो. मग आरसा. हात वर —

ताईच्या गावात लॉजवर उतरलो. तिचं घर इथून दोन गल्ल्या. गेलो नाही. तिला कळवलं, काम लांबलं, उद्या येतो. चालकाने माझी बॅग खाली ठेवली आणि तो गेला.

ते पाच मैल चालणार. सकाळपर्यंत —

तिला आधी सांगायला हवं. त्यांच्या आधी मी सांगायला —

जातो. आत्ता जातो.

गेलो नाही.

रविवार, ९

सकाळी सातला ताईचा फोन आला. बाबा पोहोचले. पायांना फोड आलेत, बाकी ठीक. खुर्चीवर बसलेत. चहाला हात लावत नाहीत, तुझ्यासाठी थांबलेत. ती रडत होती आणि मला बोलतही होती. तू तर सही केली होतीस रे. कुणाला पाहिलंस तू?

मग म्हणाली, बाबा सारखं सांगतायत, त्याला रागावू नका. त्याने बसायला सांगितलं होतं, मीच उठलो. काल रस्त्यात त्याची गाडी दिसली, पण मीच हात उशिरा केला.

तिच्या मागे कात्री चालल्यासारखा आवाज येत होता.

तिने विचारलं, तू त्यांना कुठे बसायला सांगितलं होतंस?

मी म्हणालो, ते बाथरूमला गेले आणि —