जरा टोक धर

प्रिय आत्या,

तुझा ताप गेला, पायाची जखम भरत आली आणि वॉर्डातल्या सिस्टरच्या गणवेशाची बाही तिरकी शिवली आहे हे तू त्यांना तोंडावर सांगितलंस, एवढं कळल्यावर माझा जीव भांड्यात पडला. शनिवारी तुला सोडणार. दोन जिने चढून एकटीच तुझ्या खोलीवर जाणार, हेही तू जाहीर करून टाकलं आहेस म्हणे. त्यावर नंतर बोलू. आधी माझी फजिती ऐक.

काल आमच्या प्रयोगशाळेत बाहेरची मोठी मंडळी आली होती. मी पडद्यावर आकृती दाखवत माझं काम समजावत होते आणि बोलता बोलता म्हणून गेले, ‘आणि इथे आत्या येते.’ सगळे माझ्याकडे बघायला लागले. आमचे सर खाली मान घालून हसत होते. झालं काय, की ज्या रेणूपायी मी इतकी वर्षं डोकं फोडते आहे, त्याला आम्ही आपापसात आत्याच म्हणतो. नाव मीच ठेवलं. रागावू नकोस.

तुझ्या पायात जे जंतू घर करून बसले होते, तसल्याच जंतूंवर आमचं काम चालतं. त्यांच्या भिंतीला बारीक दारं असतात, औषध तिथूनच आत शिरतं. ही दारं बनवायचा हुकूम जनुकातून सुटतो आणि एक लांबलचक आरएनए तो निरोप घेऊन निघतो. वाटेत भेटतो एक पिटुकला आरएनए. हा स्वतः काहीच बनवत नाही. येणाऱ्या निरोप्याचं नेमकं सुरुवातीचं टोक धरून बसतो. टोक अडकलं की हुकूम वाचता येत नाही, आणि ताटकळलेला निरोप्या थोड्या वेळात विरून जातो. औषधाची चाहूल लागली की जंतू हे पिटुकले भराभर तयार करतात, दारं कमी होतात आणि औषध बसतं बाहेर. जनुक तपासावं तर सगळं जागच्या जागी. हुकूम कुणी बदललेलाच नसतो.

आता तूच सांग, दुसरं कोणतं नाव ठेवणार होते मी? बाबा पुढच्या खोलीतून हुकूम सोडायचे, आम्ही भावंडं तो घेऊन आत पळायचो, आणि मधल्या पॅसेजमध्ये शिलाई मशीनवर तू. ‘टिल्ले, जरा हे टोक धर.’ मी टोक धरायचे, तू कापड ताणून शिवण घालायचीस, शाळेतलं काहीबाही विचारायचीस, आणि शिवण संपेपर्यंत आत जाऊन काय सांगायचं होतं ते माझ्या डोक्यातून साफ गेलेलं असायचं. भावाच्या सायकलला कुलूप लावा, टिल्लीचे रंग माळ्यावर टाका, असे कितीतरी हुकूम तिथे विरले. तू बाबांशी एकदाही वाद घातला नाहीस. मला शिकायला बाहेर पाठवायचं नाही, हा हुकूमही तुझ्याच मशीनपाशी अडकला. बाबांनी तो अजून मागे घेतलेला नाही, बरं का.

एकच हुकूम तू अडवला नाहीस. या खडखडाटाने डोकं उठतं, मशीन हलवा, असं बाबा म्हणाले आणि तू मशीन हलवलंस, त्याच्यासोबत स्वतःही गेलीस. तेव्हापासून घरात त्यांचा प्रत्येक हुकूम सरळ पोचतो. किती मजा येते ते आईला विचार.

मागच्या आठवड्यात आम्ही बशीतल्या जंतूंमधून आत्या काढून टाकली. दारं परत आली, आणि ज्या जुन्या औषधाला ते जुमानत नव्हते त्यात भिजवलेल्या कागदी चकतीभोवती जंतू मेल्याचं स्वच्छ, रिकामं वर्तुळ उमटलं. बशीतलं वर्तुळ म्हणजे रोग्याच्या हातातली गोळी नव्हे, त्याला अजून पुष्कळ अवकाश आहे. तरी मी जाम खूश आहे. फक्त त्याकडे बघताना वाटलं, जंतूंच्या घरातून आत्या गेली ते उत्तम झालं, आमच्या घरातून गेली ते काही बरं झालं नाही.

परवा बाबांनी पॅसेजमधलं बुटांचं कपाट एकट्याने ओढून बाजूला केलं. आईने कारण विचारलं तर म्हणाले, जागा लागेल. मग माझ्याकडे आले. मला वाटलं आता हुकूम सुटणार, तिला इकडेच आणा म्हणून. तो घेऊन मी तुझ्याकडे आले असते तर तू माझ्या हातात कापडाचं टोक दिलं असतंस, हे काय मला ठाऊक नाही? पण ते बराच वेळ चष्मा पुसत उभे राहिले आणि म्हणाले, ‘तिला विचार, येतेस का.’ आत्या, बाबांनी कुणाला काही विचारलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. हे वाटेत विरायला नको, म्हणून लिहून पाठवते आहे. शनिवारी मी गाडी घेऊन खाली थांबते, मशीन आम्ही भावंडं उचलून आणू. हुकुमाचं काय करायचं ते तुला चांगलं येतं, पण या वेळी प्रश्न आहे, आणि बाबा रिकाम्या पॅसेजमध्ये खुर्ची टाकून उत्तराची वाट बघत बसले आहेत.

तुझीच,
टोक धरून उभी असलेली
टिल्ली