तारा निघेपर्यंत

४ मार्च

अजून सहा महिने! नाताळात हाच दीडशहाणा लिंडक्विस्ट म्हणाला होता, ईस्टरपर्यंत नातीच्या दातांच्या तारा काढू. आता म्हणतो, "दातांना घाई चालत नाही, मिस्टर हॉगन." साधा गॅरेजवाला गाडी ठेवून घेतानाच सांगतो, गुरुवारी मिळेल. हा एवढा शिकलेला, भिंतभर सर्टिफिकिटं, आणि तारीख विचारली की नुसता हसतो.

वर तो घंटेचा तमाशा! तारा निघाल्या की पोराने पितळी घंटा वाजवायची, सगळ्या दवाखान्याने टाळ्या पिटायच्या. लढाई जिंकल्यासारख्या.

५ मार्च

डार्लाचा अलास्काहून फोन. नोकरी लागली, घर मिळालं, पोरगी मात्र इथे मिनेसोटात माझ्या गळ्यात. उपचार अर्धवट सोडून डॉक्टर बदलला तर आणखी लांबेल, म्हणून. "बाबा, तारा निघाल्या की लगेच विमानात बसवा हं जोलीनला." बसवतो की. घरात जरा शांतता होईल.

झोप येत नाही. कॉफी बंद करावी.

१ एप्रिल

लांबण्याचं कारण कळलं! वरचे-खालचे दात जुळवायला लावायचे रबर बाईसाहेब लावतच नाहीत. लिंडक्विस्ट माझ्याकडेच बघत होता, जसं काही ते माझ्याच तोंडात लावायचे होते. मूर्ख.

ट्रकमध्ये झापलं तिला.

"दुखतं, आजोबा."

"दुखू दे!"

खिडकीबाहेर बघायला लागली. मग म्हणाली, "लावले की लवकर निघतील ना तारा."

"मग निघू देत की एकदाच्या!" — ओरडलोच. तेरा वर्षांची आहे, आणि अक्कल कशी ती नाही.

३ एप्रिल

रबर लावते आता. जेवण झालं की माझ्यासमोर तोंड वासून उभी. "बघा. झालं समाधान?"

बघितलं. ताट तसंच ठेवून उठलो.

१७ जून

"शाब्बास! येत्या मंगळवारी काढून टाकू." लिंडक्विस्ट खूश. सप्टेंबरचं बोलला होता ना हा? आता बरी घाई चालते दातांना! शब्दाला किंमत नाही या लोकांच्या. डार्लाने शनिवारचं तिकीट काढलंसुद्धा. मला विचारायचं कुणाला सुचलं नाही.

 

२३ जून, मंगळवार

सकाळीच दवाखान्यात फोन केला. म्हटलं, ट्रक बंद पडलाय, आज जमायचं नाही.

ट्रकला काही झालेलं नाही.